उतारावरच्या दोन खुर्च्या

यात एक अक्षर खोटं असेल तर माझा रंधा दगडावर घासो.

शेजारच्या देशाशी आमचं बिनसलं आणि सरहद्दीचं फाटक बंद झालं. माझी लेक पलीकडे दिलेली, आठवा महिना लागलेला, बाळंतपणाला माहेरी यायची. बायको रोज टोचायची, "अहो, एवढे मोठे सुतार ना तुम्ही? एक फाटक उघडत नाही होय?"

शेवटी दोन्ही देशांचा थोरला दोस्त मध्ये पडला. दोघांना गहू तोच द्यायचा आणि तोफाही तोच. त्याच्या दूतासमोर दोन्ही मंत्री बसणार होते. त्यांच्या खुर्च्या माझ्याकडे आल्या.

"मिस्त्री," आमचे अधिकारी म्हणाले, "एक खुर्ची सूतभर जरी उंच दिसली, तर बैठक मोडली आणि तुम्ही आत!"

कारखान्यात पट्टी लावून मी दोन्ही सारख्या केल्या. सकाळी दालनात मांडल्या, तर आमची चांगली दोन बोटं उंच! धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार होता, आणि मी शहाण्याने फरशी मोजलीच नव्हती.

"हा अपमान आहे!" पलीकडचे अधिकारी कडाडले.

मी आमच्या खुर्चीचे पाय कापले. जास्त कापले गेले. मग त्यांच्या खुर्चीचे कापले. करवत आपली चालतच राहिली.

"बस करा हो! मंत्र्यांना मांडी घालायला लावता का?" आमचे अधिकारी ओरडले.

तेवढ्यात गाड्या आल्या. मी पडद्यामागे. मंत्री बसले, गुडघे कानाशी. दूताची खुर्ची विमानाने आलेली, शिडी लावून चढावी एवढी. त्याने वरून दोघांकडे पाहिलं. मी म्हटलं, झालं! लेक आता तिकडेच अडकणार!

दूत मात्र प्रसन्न हसला. "वा! आता बोलू या."

मंत्र्यांनी माना वर केल्या आणि सगळ्याला हो म्हटलं. फाटक उघडायचं ठरलं. मात्र माणसागणिक थोरल्याला फोन करून, तो हो म्हणाला तरच.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी उभा होतो. पलीकडे लेक, पोटावर हात ठेवून. पहारेकऱ्याने फोन लावला, हो हो केलं, ठेवला. ती अवघडून चालू लागली. अर्ध्यावर आली आणि फोन पुन्हा वाजला.

पहारेकऱ्याचा हात फोनकडे गेला.

"पळ गं बाई," मी ओरडलो, "आधी पळ!"