पाय खाली सोडले की

लाकडी बदक पाण्यात सोडलं की दर वेळी कलंडत होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने ते पुन्हा सरळ केलं, पोटाखाली ठोकलेली शिशाची पट्टी चाचपली आणि हळूच हात काढून घेतला. बदक क्षणभर शहाण्यासारखं तरंगलं आणि मग आडवं झालं.

"पाजलीय की काय त्याला?" बायकोने काठावरून विचारलं. ती उपड्या बादलीवर बसून दुसऱ्या बदकाची मान हिरव्या रंगाने रंगवत होती.

"तूच रंग जास्त थापलास. एका अंगाला जड झालंय."

"हो तर. माझ्याच रंगाचं वजन. तुमची पट्टी सरळ बसलीय ना!"

एरवी त्याने एखादं तरी ऐकवलं असतं, पण अलीकडे भांडायलाही अंगात बळ लागतं असं त्याला वाटू लागलं होतं. त्याने बदक बगलेत घेतलं, बाहेर येऊन तिच्या शेजारी मातीवर बसला आणि आकाशाकडे पाहिलं. आकाश रिकामं होतं.

या पाण्याला कागदोपत्री आता तलाव म्हणत. इथे राबलेली माणसं मात्र अजून खड्डाच म्हणत, आणि त्यांचं चूक नव्हतं. पलीकडच्या कंपनीच्या विहिरींतून तेलाबरोबर जे खारट, कुजकट पाणी वर यायचं, ते वर्षानुवर्षं इथे सोडलं जाई. त्यावर तेलाची साय धरलेली असे. जमिनीवरच्या माणसाला ती घाण दिसे, वरून उडणाऱ्या पाखराला मात्र चांगलं चकचकीत पाणी दिसे. जे पाखरू त्यावर उतरलं ते पुन्हा उठलं नाही. सुरुवातीला अशी पाखरं फावड्याने काढावी लागत. मग कुणीतरी बाहेरून येऊन फोटो काढले, बोंबाबोंब झाली आणि कंपनीने पाखरं हुसकायला एक माणूस नेमला, तो हाच. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं. सगळे त्याला हुसक्या म्हणू लागले.

कंपनीने गॅसवर चालणारी एक तोफही दिली होती. ठरावीक वेळाने ती आपोआप वाजे. पण पाखरं काही खुळी नसतात. आठवडाभरात ती तोफेच्या नळीवर बसून पंख साफ करू लागली. तोफेने एकच केलं, त्याचा डावा कान निकामी केला. मग हुसक्याने आपली रीत बसवली. थवा घिरट्या घालत असताना कितीही ओरडा, तो एक चक्कर मारून परत येतो. पण उतरणाऱ्या पाखराने पोटाशी घेतलेले पाय खाली सोडले, की त्याचं मन ठरलेलं असतं. नेमकी तेव्हा टाळी बसली पाहिजे. अर्धा श्वास आधी नाही, अर्धा श्वास नंतर नाही. तशी बसली की पाखरू असं दचकतं की ती जागा जन्मभर विसरत नाही, आणि पुढच्या साली आपल्या पिलांनाही तिथून लांबून नेतं. ही टाळी त्याने दोघातिघांना शिकवून पाहिली. कुणाच्या हाताला ती आली नाही.

त्यामुळे पाखरांच्या बाबतीत त्याचं ज्ञान मोठं विचित्र होतं. लांबून नुसता ठिपका दिसला तरी तो जात सांगे. पण त्याने पाहिलेली सगळी पाखरं पाय खाली सोडण्यापर्यंतची होती. त्यापुढचं त्याने या पाण्यावर फक्त त्यांचंच पाहिलं होतं, ज्यांना त्याची टाळी वेळेवर पोचली नाही.

मग विहिरी आटल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आधी पंप बंद झाले, मग कँटीन, मग एकेका क्वार्टरला कुलूप लागलं. तोफ भंगारात गेली. खड्ड्यातला गाळ खरवडून नेला, नवी माती आणली, पाणी सोडलं, कडेने लव्हाळी लावली. आणि या सगळ्यावर देखरेख करायला एक मॅडम आल्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या, बुटांना कायम चिखल, डोळ्यांखाली काळं. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला काका म्हटलं.

त्यांनीच सगळं समजावलं होतं. थंडीत पाहणी समिती येणार. तिला पाण्यावर पाखरं बसलेली दिसली तर तलाव राखीव होईल, कायमचा. त्याला एक राखणदार लागेल, राखणदाराला क्वार्टर मिळेल, आणि मॅडमनी त्याचंच नाव सुचवलं होतं. पाखरं नाही दिसली तर तलाव बुजवून जमीन सपाट करायची आणि पाइप ठेवायला दुसऱ्या कंपनीला द्यायची.

बायकोला आपलं राहतं क्वार्टर हवं होतं. दोन खोल्यांचंच, पण लेक तिथेच रांगली होती, आणि लेकीच्या घरी कोपऱ्यात गाठोड्यासारखं पडून राहायची तिची तयारी नव्हती. त्याला स्वतःला काय हवं होतं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला एकदा, एकदाच, या पाण्यावर एखादं पाखरू बसलेलं बघायचं होतं. आणि उठलेलं.

पण थंडी पडली तरी पाखरं येईनात. कधी एखादा थवा लांबून जाई, खाली वळल्यासारखा करी आणि निघून जाई. मॅडमनी स्पीकरवर बदकांचे आवाज लावून पाहिले. बायको म्हणाली, तुमचा तो कामावरचा पिवळा कोट ओळखत असतील, तेव्हा त्याने कोट जाळला. नंतर तिने त्याला स्वतःची शाल पांघरून काठावर बसवलं आणि त्याचा अवतार बघून पोट धरून हसली. मग लाकडी बदकं आली.

"मॅडम, मीच त्यांना शिकवलं," एकदा तो म्हणाला. "आता ती विसरत नाहीत."

मॅडम लव्हाळ्यात उकिडव्या बसून पाण्यात काचेची नळी बुडवत होत्या. त्यांनी वर न बघताच मान हलवली.

"थोडं तेही असेल, काका. पण यायला उरलीयत किती? वाटेत त्यांना उतरायला जी तळी होती, त्यातली निम्मी बुजली. याच्या आधी मी असाच एक तलाव केला होता. तिथे शेवटपर्यंत कुणी आलं नाही."

"मग?"

"मग काय? आता तिथे गोदाम आहे."

मॅडमना दमलेलं पाहून त्याला बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

समिती आली ती सकाळी, धुकं विरल्यावर. तिघं जण, तिघांच्या गळ्यात दुर्बिणी. मॅडमनी लव्हाळ्यामागे कुडाचा आडोसा केला होता, तिथे सगळ्यांना बसवलं. होणारा राखणदार म्हणून त्यालाही बसायला सांगितलं. बायकोने भरून दिलेल्या थर्मासमधला चहा फिरला. समितीतल्या वयस्कर बाईंनी समोरच्या लाकडी बदकांकडे दुर्बीण लावली आणि विचारलं,

"त्यातलं एक आजारी आहे का?"

"जन्मापासूनच तसं आहे ते," तो म्हणाला. बाई हसल्या. त्यामुळे जरा मोकळं वाटलं.

बराच वेळ काही झालं नाही. चहा संपला. एकाने घड्याळ पाहिलं. आणि मग त्याला उत्तरेकडे एक रेघ दिसली. दुर्बिणवाल्यांना दिसायच्या आत त्याला ती दिसली होती. लहानसाच थवा, पूर्वीच्या थव्यांपुढे चिमूटभर. पण तो वळला. पाण्यावरून त्याने एक चक्कर घेतली, जरा खाली येऊन दुसरी घेतली. मॅडमनी त्याचा दंड घट्ट धरला. आपण तसं केलंय हे त्यांना कळलंही नसावं. ये, तो मनात म्हणाला. ये माझे बाई, पाणी चांगलं आहे, मी पिऊन पाहिलंय.

सर्वांत पुढे एक मादी होती. तिने पंख वाकवले, मान ताणली आणि पोटाशी घेतलेले पाय खाली सोडले.

टाळी वाजली.

ती इतकी खणखणीत होती की समितीतल्या एकाच्या हातातला पेला पडला. मादी हवेतच उलटल्यासारखी झाली, सगळा थवा फडफडत वर गेला आणि टेकाडापलीकडे नाहीसा झाला. कुणीतरी टाळी वाजवली, एवढंच त्याला आधी कळलं. मग त्याला आपले तळवे चुरचुरताना जाणवले. दोन्ही हात अजून एकमेकांना चिकटलेले होते.

"काका," मॅडम म्हणाल्या.

"हात गेला," तो म्हणाला. "मी नाही वाजवली. हात गेला."

कुणीच रागावलं नाही. त्याला वाटलं, कुणीतरी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वयस्कर बाईंनी दुर्बीण पिशवीत ठेवली, जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मॅडमना सांगितलं, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा येऊ, त्यानंतर मात्र अहवाल द्यावाच लागेल.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. हसण्यासारखं बरंच होतं, पण ती हसली नाही.

"जित्याची खोड," ती एवढंच म्हणाली.

"हं."

"त्या दिवशी घरात बसून राहा. मी बाहेरून कडी घालते. हवं तर हात बांधते."

"एका दिवसाचं काय घेऊन बसलीस? राखणदार रोजचा असतो. समिती जाईल, पाखरं राहतील, आणि मी पण राहीन. रोज हात बांधशील?"

ती चुलीजवळ पाठमोरी उभी राहिली. चुलीवरचं भांडं रिकामं होतं, तरी तिने झाकण उचलून आत पाहिलं.

"त्या मॅडमना दुसरा राखणदार मिळेल?"

"मिळेल की. बसू देणारा माणूस कुठेही मिळतो."

"आणि आपण?"

त्याने वर माळ्याकडे पाहिलं. तिने झाकण ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि माळ्यावरच्या पेट्या काढून द्या म्हणाली, त्या तिच्या हाताला येत नाहीत.

त्यानंतर तो काठावर फिरकला नाही. सामान बांधायला फार दिवस लागले नाहीत. इतक्या वर्षांचा संसार लहानशा ट्रकात मावला आणि वर जागा उरली, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. मॅडम निरोप द्यायला आल्या, दोघांच्या पाया पडल्या आणि आडोशाकडे परत गेल्या. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती.

ट्रकच्या मागच्या भागात गादीच्या वळकटीवर दोघं बसली, तोंडं मागे करून. रस्ता तळ्याला वळसा घालून टेकाडावर चढत होता. चढावर ड्रायव्हरने गाडी थांबवली, इंजिन तापलंय, जरा दम घेऊ द्या म्हणाला आणि खाली उतरून विडी पेटवू लागला. वरून तळं पुरतं दिसत होतं. कडेची लव्हाळी, मधलं पाणी आणि त्यात आडवं पडलेलं ते एक बदक.

"अहो," ती हळूच म्हणाली.

त्याने आधीच पाहिलं होतं. थवा टेकाडावरून खाली गेला, पाण्यावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. या वेळी ट्रकात बसलेल्या त्याला पाखरांच्या पाठी दिसत होत्या, वरून, उतरताना. पुढच्या पाखराने पंख वाकवले.

त्याने घाईघाईने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर सगळं वजन टाकून बसला.

पाय खाली आले. पाणी फाटलं, दोन रेघा लांब गेल्या आणि पाखरू मधोमध स्थिरावलं. मग दुसरं. मग बाकीची सगळी. एक त्या कलंडलेल्या बदकाजवळ गेलं, त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि बाजूला झालं.

बायको रडत होती की हसत होती हे त्याने पाहिलं नाही. ड्रायव्हर विडी विझवून गाडीत चढला.

"बसली हो," ती म्हणाली. "सगळी बसली. सांगू का त्याला, निघ म्हणून?"

त्याने मान हलवली. नजर पाण्यावरच होती, हात अजून मांडीखाली.

"थांब," तो म्हणाला. "एक तरी उठू दे."