तळाची ओळ

राजलक्ष्मीच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: कंत्राटी कारकुनाची कायम कारकून होणं. त्यासाठी यार्डाचे मॅनेजर रणजीतसाहेब खूश राहायला हवे होते, आणि साहेबांची खुशी स्वस्त होती. न्हावा शेव्याच्या त्या कंटेनर यार्डातला रात्रपाळीचा सुपरवायझर हौसेराव सकाळी घरी जाताना मोबाइलवर तिला रात्रीच्या कामाचं महाभारत लिहून पाठवी. साहेबांना ते दोन ओळींत हवं असे.

"मॅडम, मला टाइम नाही. मुद्दा टाका, बाकी उडवा."

ती उडवायची. क्रेनची कुरकुर, कुणाशी कुणाचं वाजलं, हौसेरावाची कंबरदुखी. हात इतका बसला होता की अलीकडे ती तळापर्यंत वाचतही नसे. त्या सकाळीही तिनं कळवलं, 'मसुराचा कंटेनर मागच्या रांगेत लागला. क्रेन चालू.' साहेबांचा अंगठा आला. कंटेनर रिकामा करायचा हुकूमही सुटला.

दुपारी ती जेवायला बसली, तोच हौसेरावाचा फोन.

"ताई, त्यो मसुराचा कंटेनर बंदच हाय न्हवं?"

"का हो?"

"लिवलंय की खाली! किडीसाठी गॅस सोडलाय. उद्यापातुर उघडायचा न्हाई."

"दारावर कागद लावला ना?"

"लावलाय. पर खाडीच्या वाऱ्यात ऱ्हातोय व्हय त्यो?"

तिनं मजकूर खाली सरकवला. होतं. कंबरदुखीच्याही खाली.

साहेबांचा फोन बिझी. ती धावत सुटली.

"ओ मॅडम, मरायचंय काय?" ट्रेलरवाला ओरडला.

रांग संपेचना. गॅसचा वास येतोय का, म्हणून ती हुंगत होती आणि श्वास घ्यायलाही भीत होती. मग दार दिसलं. सताड उघडं.

"आत कोण आहे?"

"सदू," मुकादम म्हणाला. "बाकीचे जेवायला गेले. हा बोलला, दोन गोणी काढून येतो. का?"

"गॅस आहे आत! सदूभाऊ!"

आतून उत्तर आलं नाही. ती पुढे झाली तसं मुकादमानं तिला मागे लोटलं, दम कोंडला आणि सदूला पायाला धरून बाहेर ओढलं.

सदू वाचला. चौकशीत ठरलं, हौसेरावानं ती सूचना सगळ्यात वर लिहायला हवी होती. राजलक्ष्मीनं त्या अहवालाखाली सही केली.

साहेबांचं काही गेलं नाही. हौसेरावाची नोकरी गेली, तो साताऱ्याला गावी परत गेला. राजलक्ष्मी कायम झाली, आणि एका रविवारी फळं घेऊन कोपरखैरण्याला सदूच्या घरी गेली.

"आधी यांचं तोंड बंद व्हायचं नाय, मॅडम," सदूची बायको बयाबाई खुर्ची पुसत म्हणाली. "आता बघा."

"बरा... हाय," सदू म्हणाला.

पुढच्या शब्दासाठी तो हवा ओढू लागला. राजलक्ष्मी वाट बघत बसली.