गोगलगायीवर धरलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे आणि मला एका जागी स्वस्थ राहवत नाही. कारखान्यात घासूनपुसून मला आकार आला, लाकडी दांडा मिळाला आणि मी एका बालवर्गात आले. मुंगी, पान, बर्फाचा खडा, काहीही असो, "मला बघू दे ना!" म्हणत चिमुकले हात मला ओढून घेत. मला कोण आनंद होई!

एके वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. तिच्या घरची भाषा वेगळी. दोन महिने तिने तोंडातून ब्र काढला नाही. शाळेच्या मोठ्या बाई तिच्या वडिलांना म्हणाल्या, "हिला काही समजत नाही. पुढच्या वर्षी आणा." आमच्या बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेतली. माझ्या जिवाला घोर लागला. रोज ती मला डोळ्याला लावी, आणि गप्पच!

शुक्रवारी बाईंनी बशीत गोगलगाय आणली. मुलीने मला तिच्यावर धरले. गोगलगायीने अंग आत ओढून घेतले आणि मुलीच्या तोंडून तिच्या भाषेतला एक शब्द निसटला. मुले खो खो हसली. तिने झटकन हात मागे घेतला, मी खाली पडले, कडेचा टवका उडाला. पण माझे काय घेऊन बसलात! आता ही कायमची मिटणार, या भीतीने मी कासावीस झाले.

बाई तिच्याजवळ बसल्या. "काय म्हणालीस? मलाही शिकव." त्यांनी तो शब्द उच्चारला, तोही चुकीचा. मुलीने मान हलवून पुन्हा सांगितला. बाई पुन्हा चुकल्या. मग साऱ्या वर्गाने तो घोकला.

"आम्ही हिला गोगलगाय म्हणतो. काय झालं गं हिला?" बाईंनी विचारले.

"गोगलगाय... भ्याली," मुलगी म्हणाली. "घरात गेली."

दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई पुटपुटल्या, "राहू दे हिला इथेच."

शाळा सुटल्यावर वडील आले. बाईंनी विचारले, "घरी तुमच्या भाषेत बोलता ना हिच्याशी?"

त्यांनी मान खाली घातली. "तिला इथली भाषा लवकर यावी म्हणून आमची बंद केली, बाई. इथली आम्हाला धड येत नाही. मग घरात कोणी बोलतच नाही."

"अहो, बोला! भरपूर बोला!"

मुलीने वडिलांना बशीकडे ओढत नेले आणि आपल्या भाषेत ती जी सुटली, ती थांबेचना. वडील ऐकत राहिले, डोळे पुसत राहिले.

मित्रांनो, आता वर्गात नवी भिंगे आहेत आणि मी कपाटात तळमळते आहे. तुमच्या वर्गात कोणी गप्प मूल दिसले, तर हसू नका. त्याच्या हाती एखादे भिंग द्या, काय दिसले ते विचारा, आणि ते ज्या भाषेत सांगेल, त्या भाषेत ऐका.