एकपटीचे उद्घाटन

आमच्या थांब्यावर तेवीस मोटारसायकली आणि तेवीस पिवळी जाकिटे आहेत. मोटारसायकल बाजारात मिळते. जाकीट मात्र आमचे चेअरमन न्यागाया, ज्यांना आम्ही वडीलकीच्या मानाने 'म्झे' म्हणतो, त्यांच्या हातूनच मिळावे लागते. त्याच्या पाठीवर क्रमांक असतो, आणि तो क्रमांक नसलेल्या माणसाला आमच्या रांगेत उभे राहता येत नाही. रांगेत नसताना गिऱ्हाईक मागे बसवले तर काय होते, हा प्रश्न केनियातल्या या किसुमू शहरात सहसा कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

ओज्वांग आठ महिने आमच्याकडे 'पाहुणा' होता. पाहुण्याने झाडाच्या पलीकडच्या बाजूला, उन्हात थांबावे, तेवीसच्या तेवीस जण फेरीवर गेले असतील तेव्हाच गिऱ्हाईक घ्यावे, आणि एरवी सदस्यांच्या मोटारसायकली पुसण्यास ना म्हणू नये, असा शिरस्ता आहे. त्याने विद्यापीठातून संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. ती गावी, सियायाला, आईच्या घरातल्या भिंतीवर, काचेखाली सुखरूप होती. त्याची बायको अपोन्डी दर शनिवारी त्याला एकच शब्द विचारी : "मिळालं?" त्याला काय मिळायचे आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. ते न देण्याला काहीच कारण नव्हते, आणि म्हणूनच ते लांबत होते. कारण असते तर ते कधीतरी संपले असते.

मी या थांब्याचा सचिव. इतिवृत्त मी लिहितो. त्यामुळे काय घडले हे मला ठाऊक आहे, आणि काय लिहिले गेले तेही.

मोटारसायकल चालवणाऱ्याच्या दिवसाचा बराच भाग ती न चालवण्यात जातो. त्या वेळात आम्ही सगळे फोनवर एक खेळ खेळतो. प्रत्येकाने आपापले गाव वसवायचे, झाडे लावायची, घरे बांधायची. खरी गावे आम्ही सोडून आलो आहोत; ही फोनमधली अधिक आज्ञाधारक आहेत. तेवीस गावांचे मिळून एक मंडळ झाले, आणि मंडळ झाले म्हटल्यावर त्याला चेअरमन, उपाध्यक्ष, खजिनदार आणि आध्यात्मिक सल्लागार हेही झाले. खजिना नव्हता. पण खजिनदाराशिवाय मंडळ कसे दिसेल?

दर महिनाअखेर पाच दिवस या खेळात पिनबॉलचा फळा उघडतो. तो साऱ्या मंडळाचा मिळून एकच असतो. बोटाने दांडा खाली ओढून सोडला की छर्रा वर उडतो, खुंट्यांवर आपटत खाली येतो आणि सात पेल्यांपैकी एकात पडतो. पेल्यावर जो आकडा असेल तितके गुण मंडळाला. दांड्याशेजारी एक कळ आहे. ती एकपटीवर ठेवली तर एक छर्रा जातो. दहापटीवर ठेवली तर एका फटक्यात दहा छर्रे खर्ची पडतात आणि गुणही दहापट मिळतात. गुणांच्या वीस पायऱ्या चढल्या की मंडळाच्या नावापुढे सोन्याची होडी लागते. ही होडी पाण्यात जात नाही, मासे धरत नाही. आमच्यापैकी निम्म्यांच्या भावांकडे सरोवरावर खऱ्या होड्या आहेत आणि त्यांच्याकडे आम्ही कधी वळूनही पाहिलेले नाही. पण मागच्या महिन्यात ही होडी बसतळावरच्या थांब्याला मिळाली, आणि तेव्हापासून त्यांचा प्रत्येक माणूस आमच्यासमोरून जाताना तीनदा हॉर्न वाजवू लागला. माणसाला अपमान समजायला तीन हॉर्न पुरतात.

आमची पद्धत अशी होती की फळा उघडताच ज्याच्याकडे जितके छर्रे असतील तितके त्याने जेवणापूर्वी उडवून टाकायचे. ओज्वांगने ते एका महिनाअखेरीस पाचही दिवस पाहिले. तो कोणाच्या खांद्यावरून डोकावे आणि वहीत काहीतरी टिपून घेई. सहाशे छर्रे टिपून झाल्यावर तो चेअरमनकडे आला. मधल्या पेल्यावरचा आकडा, त्याने सांगितले, तासातासाला शंभराने वाढत जातो. पण कोणाचाही छर्रा त्यात पडला की तो पुन्हा शंभरावर येतो. म्हणजे चार दिवस कोणी फळ्याला हातच लावला नाही, तर पाचव्या दिवशी दुपारी त्या पेल्यावर दहा हजारांच्या घरात आकडा असेल. दांडा दोन तृतीयांश ओढला तर नवांतला एक छर्रा मध्ये पडतो. सगळ्यांचे साठलेले छर्रे तेव्हा, आणि फक्त दहापटीने, मारत राहायचे. दहापटीचा एक जरी मध्ये पडला तरी लाख गुण. उरलेले कडेच्या पेल्यांतून सहज जमतील.

चेअरमनांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना त्यातले फक्त होडीचे चित्र समजले, जे ओज्वांगने कोपऱ्यात काढले होते.

"होडी आली, तर चोवीस नंबर तुझा," ते म्हणाले.

हे त्यांनी सात जणांसमक्ष म्हटले. ओज्वांगने त्या दिवशी न सांगता सगळ्यांच्या मोटारसायकली पुसल्या.

मग फळा उघडला आणि चार दिवसांचा संयम सुरू झाला. आमच्यातले काही जण दारू सोडून पुन्हा धरलेले, काही जण दोन बायकांचे नवरे. पण संयमाची अशी परीक्षा कोणाची झाली नव्हती. अबुयो हा आमचा आध्यात्मिक सल्लागार, रविवारी चर्चमध्ये प्रवचन करतो. त्याने मोहावर दोन व्याख्याने दिली, आणि तिसऱ्या दिवशी त्याचाच अंगठा दांड्यावर सापडला. उपाध्यक्ष ओकेलोने त्याचा फोन संध्याकाळपर्यंत चहा विकणाऱ्या आकेयोच्या आईच्या मंदाझीच्या, तळलेल्या गोड पावांच्या, डब्यात ठेवायला दिला. मधला आकडा वाढत होता. पाच हजार झाला, सात हजार झाला. माणसे गिऱ्हाईक सोडून तो पाहायला येऊ लागली. ओज्वांगला कोणीतरी पहिल्यांदाच चहा पाजला.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला मारायला सुरुवात करायची, असे ठरले होते. पण उद्घाटनाचे काय, हा मुद्दा ओकेलोने दीड वाजता काढला. मुद्दा रास्त होता. आमच्या भागात शाळेचा संडाससुद्धा प्रमुख पाहुणा येईपर्यंत कुलूपबंद असतो. मग इतकी मोठी मोहीम कोणीही उठून सुरू करावी हे कसे चालेल? आकेयोच्या आईकडून प्लास्टिकची खुर्ची आली. अबुयोने प्रार्थना केली, तीत पेल्याचा उल्लेख होता. त्यानंतर चेअरमन शिस्त या विषयावर वीस मिनिटे बोलले. तरुणांनी थोरांचे ऐकावे, असा त्याचा सारांश होता. मग त्यांनी फोन समोर धरला आणि आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीमागे गोळा झालो.

ओज्वांग वाकून हळूच म्हणाला, "म्झे, ती कळ दहावर घ्या."

"पोरा, फीत एकच कापतात का दहा?" चेअरमनांनी विचारले, आणि आम्ही हसलो. मीही हसलो.

ओज्वांग पुन्हा वाकला. निदान दांडा थोडाच ओढा, म्हणजे छर्रा कडेला जाईल, असे त्याने विनवले. पण एवढ्या लोकांसमोर थोडासा दांडा ओढणे चेअरमनपदाला शोभले नसते. त्यांनी तो ऐटीत ओढला आणि सोडला.

न्यागायांचा नेम असा आजवर कोणी पाहिला नव्हता. छर्रा वर गेला, डावीकडच्या खुंटीला लागला, उजवीकडच्या दोन खुंट्यांमधून अलगद सरकला आणि थेट मधल्या पेल्यात पडला. फोनवर फटाके उडाले. आकेयोच्या आईने जिभेचा लांब गजर केला. ओकेलोने चेअरमनांना मिठी मारली. पलीकडच्या टायरवाल्यानेही टाळ्या वाजवल्या, आणि त्याला तर काय झाले हेही ठाऊक नव्हते. दहा हजार गुण! एका छर्ऱ्यात! हा शकुन आहे, असे अबुयोने जाहीर केले.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. मधल्या पेल्यावर आता शंभर हा आकडा होता आणि तो त्या आकड्याकडे, दुसऱ्याच्या घराला लागलेली आग पाहावी तसा पाहत होता. नाही, स्वतःच्याच घराला लागलेली.

त्यानंतर आम्ही तेवीस फोनांवरून सगळे छर्रे दहापटीने मारले, त्याने सांगितले होते अगदी तसे, दांडा दोन तृतीयांश ओढून. त्यांतले कितीतरी मध्ये पडलेही. शंभरच्या दहापट हजार. संध्याकाळी सहाला फळा बंद झाला तेव्हा आम्ही चौदाव्या पायरीवर होतो. साडेसहाला बसतळावरचे एकामागोमाग एक गेले. त्या दिवशी त्यांनी हॉर्न सहा वेळा वाजवले.

सोमवारी सकाळी बैठक बोलावली गेली. विषय एकच होता : पिनबॉल मोहिमेतील तांत्रिक चुकीची जबाबदारी निश्चित करणे. 'तांत्रिक' हा शब्द चेअरमनांचा. तंत्र जाणणारा आमच्यात एकच असल्यामुळे चौकशी अर्धी तिथेच संपली होती. तरीही सारे रीतसर व्हावे म्हणून त्यांनी मला खेळातली नोंद वाचायला सांगितली. कोणी, किती पटीने, कोणत्या पेल्यात छर्रा मारला याची यादी खेळ स्वतःच ठेवतो. मी उभा राहिलो आणि वाचले : "पहिला छर्रा. मधला पेला. दोन वाजून एकतीस मिनिटं." नाव आणि पट वाचायची माझ्याकडून राहून गेली. सचिवपद मला सहा वर्षे उगाच टिकलेले नाही. तीच नोंद बावीस इतर फोनांवरही होती; पण त्या सकाळी कोणाकडेच चष्मा नसावा.

ओकेलोने ठराव मांडला की चुकीचा हिशेब देऊन मंडळाची दिशाभूल केल्याबद्दल ओज्वांगला थांब्यावरून कायमचे काढावे. हात वर जाऊ लागले. ओज्वांग झाडाला टेकून उभा होता. सात महिन्यांचा पाहुणा असता तर तो एव्हाना निघून गेला असता, पण आठ महिने थांबलेल्या माणसाला निघून जाणे अवघड होते.

तेव्हा मी नियमावलीचे अकरावे कलम काढून वाचले. हे मात्र पूर्ण वाचले. शिस्तभंगाची कारवाई केवळ सदस्यावर करता येईल, असे त्यात आहे. पाहुण्याला शिक्षा करण्याचा मंडळाला अधिकार नाही. त्याला हाकलता येईल, मी म्हणालो, पण दोषी ठरवता येणार नाही. आणि दोषी कोणीच ठरला नाही, तर इतिवृत्तात जबाबदारीपुढची जागा मोकळी राहील. मोकळ्या जागेकडे पाहून लोक पुन्हा नोंदी उघडतात.

चेअरमनांनी नियमावली माझ्या हातातून घेतली आणि मिटली. मग चहासाठी बैठक तहकूब झाली.

चहानंतर दोन ठराव लागोपाठ आले. पहिला : ओज्वांग यास चोवीस क्रमांकाने सदस्य करून घ्यावे. दुसरा : सदस्य क्रमांक चोवीस यास दोषी धरून सात दिवस निलंबित करावे. आकेयोची आई कप गोळा करता करता म्हणाली, "जाकीट घालताय का बेड्या?" तिला मतदानाचा अधिकार नसल्याने ते इतिवृत्तात नाही.

नियमाप्रमाणे आरोपीला बोलायची संधी द्यावी लागते. ओज्वांग पुढे आला. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर त्या नोंदीचा काढून ठेवलेला फोटो उघडा होता. पहिल्या रांगेतून न्यागायांचे नाव आणि त्यापुढचा 'एकपट' स्वच्छ दिसत होता. त्याने फक्त फोन सगळ्यांकडे वळवायचा होता. टेबलावर घडी केलेले जाकीट होते. त्याने एकदा फोनकडे पाहिले, एकदा जाकिटाकडे. मग त्याने फोन खिशात घातला.

"चूक माझीच," तो म्हणाला. "चेअरमनचा नेम इतका चांगला असेल, हे मी हिशेबात धरलं नव्हतं."

कोणीही हसले नाही. हसू दाबण्यासाठी अबुयोला झाडामागे जावे लागले. चेअरमन मात्र मनापासून प्रसन्न झाले. उमदा कबुलीजबाब आहे, शब्दशः लिहून घ्या, असे त्यांनी मला सांगितले. मी घेतला. दोन्ही ठराव एकमताने संमत झाले, आणि चेअरमनांनी स्वतः त्याच्या खांद्यांवर जाकीट चढवून त्याच श्वासात त्याला निलंबित केले.

निलंबित सदस्याने गिऱ्हाईक घेऊ नये, एवढेच कलम म्हणते. रांगेत उभे राहू नये, असे ते म्हणत नाही. हे त्याने स्वतःच वाचून काढले. सातही दिवस तो सकाळी सहाला आला, मोटारसायकल रांगेत लावली, आणि आपली पाळी आली की हात करून मागच्याला पुढे जाऊ दिले. आम्ही त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होतो. तो आम्हाला पाहत होता की नाही, सांगता येत नाही. तो सावलीत होता.

चौथ्या दिवशी डोक्यावर माशांची टोपली घेतलेल्या एका बाईने त्याच्या पाठीवरच्या आकड्यावर बोटाने टकटक केले. चल म्हणाली, उशीर होतोय.

"आज नाही, आई. मागच्याबरोबर जा," ओज्वांग म्हणाला. "पण सोमवारी ये. मी इथलाच आहे."