बोटांचा वास

आयसिल्डाचा नवरा आल्विन वारला तेव्हा परसातली गांजाची रोपं वीतभर होती. त्यानंच ते बी रुजवलं होतं. आता झाडं तिच्या डोक्यावर गेली होती, तुऱ्यांवरचे पांढरे केस तांबूस होऊ लागले होते, आणि तरी ती कोयत्याला हात लावत नव्हती.

शेजारचा झेकी काठी टेकत कुंपणाशी आला. हातात रिकामी बाटली. गांजा मुरवलेली पांढरी रम तो गुडघ्याला चोळायचा, आणि आल्विनच्या हातची ती शेवटची बाटली होती.

"मिस आयसी, झाडं काय ख्रिसमसला सजवायला ठेवलीस?"

"तुझ्या गुडघ्याला घाई आहे, झेकी. झाडांना नाही."

"डोंगरावरचे ढग बघ. एकदा पाऊस बसला की तुऱ्यांना आतून बुरशी लागेल. मग रमही नाही नि बीही नाही."

ते तिलाही ठाऊक होतं. खालच्या एका फांदीत तेवढं थोडं बी धरलं होतं. ते कुजलं तर आल्विनचं वाण संपलं. पण झाडं कापली, की त्याच्या हातचं काहीच उभं राहणार नव्हतं.

पूर्वी ही झाडं कोनफळाच्या वेलांआड लपवावी लागत. कायद्यानं घरटी पाच झाडांची मुभा दिली तेव्हा आल्विननं ती थेट स्वयंपाकघराच्या दारासमोर आणली. लहानपणीच्या एका तापात त्याला वास येईनासा झाला होता. केसांचा रंग त्याला दिसे, चीक दुधाळ झालेला दिसे, पण तेवढ्यावर त्याचं समाधान होत नसे. रोज सकाळी तुरा हलकेच चोळून तो चिकट बोटं तिच्या नाकाखाली धरी. ती नारळ खवत असायची.

"काय म्हणतंय?" तो विचारी.

कच्च्या तुऱ्याला कापलेल्या गवताचा वास येई. वेळ भरली की पिकल्या पेरूचा, आणि त्यामागून मिरीचा. तो वास येऊनही ती म्हणायची, "अजून नाही." म्हणजे दुसऱ्या दिवशीही तो बोटं घेऊन यायचा. त्याला ते कळत असणार. एकदा म्हणाला होता, "तुझं नाक दरवर्षी म्हातारं होतंय, बाई." आणि तरी दुसऱ्या दिवशी आला होता.

गेले कित्येक दिवस ती स्वतःच तुरा चोळून बघत होती. पण हाताला कांद्याचा, साबणाचा, तिचा स्वतःचाच वास यायचा.

"आत ये," ती झेकीला म्हणाली. "तो तुरा चोळ नि बोटं पुढं कर."

"ह्या वयात?"

"कर म्हटलं ना, गाढवा."

झेकीनं तुरा चोळून बोटं पुढं धरली. आधी त्याच्या बकऱ्यांचा वास आला. तिनं तोंड फिरवलं, पुन्हा वाकली, डोळे मिटले. मग पेरू आला. मग मिरी. पण बोटं थरथरत होती, आणि आल्विनची कधीच थरथरली नव्हती.

"काय म्हणतंय?" झेकीनं विचारलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

"अजून..." सवयीनं तोंडात आलं. तिनं डोळे उघडले. उद्या कोण येणार होतं?

"झालंय," ती म्हणाली. "परवाच झालं असणार."

"मग परवाच का नाही बोललीस?"

ती आत जाऊन कोयता घेऊन आली. बियांची फांदी आधी कापून तिनं त्याच्या हातात दिली. "आडवी धर. एक दाणा सांडलास तर गुडघा तसाच राहील."

बाकीची झाडं दोघांनी मिळून स्वयंपाकघराच्या आढ्याला उलटी टांगली. झेकी घरी पोचतो न पोचतो तोच पत्र्यावर पाऊस वाजू लागला. तुरे वाळले की नवी बाटली भरायची, मुरायला नीरफणसाखाली पुरायची, आल्विन पुरायचा त्याच जागी.

आयसिल्डा नारळ खवायला बसली. दारासमोर नुसते खुंट भिजत होते. बोटांना चीक तसाच होता. तिनं तो धुतला नव्हता. खवताखवता तिनं एकदा हात दाराच्या दिशेनं पुढं केला, थोडा वेळ तसाच धरला, नि मग पुन्हा खवणीला लागली.