पोइन्सियाना हॉलमधला जून

पद्मिनीच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि अजून शेवटचा शनिवार उरला होता.

जून महिनाभर पोइन्सियाना हॉलमध्ये कार्यक्रम होते. गुरुवारी संध्याकाळी व्याख्यान, शनिवारी दुपारी नाच, गाणं नाहीतर वादन. त्रिनिदादच्या, जमैकाच्या, बार्बाडोसच्या लोकांनी मिळून एका जुन्या गोदामाचा हा हॉल केला होता, अमेरिकेत, पद्मिनीच्या पिस्कॅटवेच्या घरापासून वीस मिनिटांवर. पोइन्सियाना म्हणजे आपला गुलमोहर. दारावर त्याचं हे एवढं मोठं लालभडक चित्र होतं. पहिल्या आठवड्यात ते बघून पद्मिनीला नागपूरची शाळा आठवली, शाळेसमोरचा रस्ता आठवला. चौथ्या आठवड्यात तिला एवढंच कळत होतं की हे दार भयंकर जड आहे आणि ते दर वेळी आपल्यालाच उघडावं लागतं.

आता एक मराठी बाई कॅरिबियन लोकांच्या हॉलच्या दारात काय करत होती, असं कुणीही विचारील. विचारलंच होतं सगळ्यांनी. झालं असं, की दार सांभाळणाऱ्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात निघालं. हॉल चालवणाऱ्या मिस इनेझ बहात्तर वर्षांच्या. त्या एकट्या कुठं कुठं पुरणार? पद्मिनीचा मुलगा नकुल या हॉलच्या कामात होता, तेव्हा त्यानं तिला फोन केला. "आई, फक्त एक महिना. प्लीज." तो पुढचं बोलायच्या आत ही हो म्हणून बसली. आठवडाभर दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसून कंबर धरलेली असते, हे तिला फोन ठेवल्यावर आठवलं.

हो म्हणण्याचं कारण सरळ होतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नकुलचा कार्यक्रम होता, आणि त्या कार्यक्रमाला त्याच्या वडिलांनी, राजीवनं, येऊन बसावं एवढीच तिची इच्छा होती. बापलेक दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

नकुल म्हणजे शिकलासवरलेला मुलगा. कॉम्प्युटर इंजिनिअर, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला बॉथेलला चांगली नोकरी. ती सोडून तो एक दिवस परत आला आणि म्हणाला, मी स्टीलपॅन वाजवणार, मुलांना शिकवणार. स्टीलपॅन म्हणजे तेलाचं पिंप कापून, ठोकून ठोकून त्यावर सूर बसवतात, ते त्रिनिदादचं वाद्य. राजीव जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "अकरा वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघितली, ती मुलानं पिंपं बडवावीत म्हणून काय?" नकुल ताटावरून उठला आणि बॅग उचलून न्यूअर्कला मित्राकडे गेला. झालं. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली पद्मिनीच्या पदरात.

कारण बोलणं बंद असलं तरी निरोप बंद नव्हते ना! नकुल विचारायचा, बाबांची शुगर कशी आहे. राजीव विचारायचा, त्याचा इन्शुरन्स आहे का. मधे पद्मिनी. आणि निरोप जसाच्या तसा द्यायची सोयच नव्हती. राजीव म्हणायचा, "त्याला म्हणावं, आता अक्कल आली असेल तर सांग." हिचा निरोप जायचा, "बाबा तुझी चौकशी करत होते." नकुल म्हणायचा, "ही डझन्ट गेट टू आस्क," म्हणजे विचारायचा त्यांना हक्कच नाही. ही घरात येऊन सांगायची, "बरा आहे, तुम्ही कसे आहात विचारत होता." दोन वर्षं ही बाई दोन्हीकडचे काटे काढून मासा वाढत होती. तिच्या बोटांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

आणि गंमत बघा. पद्मिनीला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून महिनाभर तिला हॉलवर सोडायला राजीवच यायचा. दर गुरुवारी, दर शनिवारी. पार्किंगच्या टोकाला एक मोठं मेपलचं झाड होतं, त्याच्या सावलीत गाडी लावायचा, सीट मागे करायचा आणि फोनवर क्रिकेट बघत दोन-अडीच तास बसायचा. आत यायचा नाही. नकुल मागच्या दारानं सामान आत न्यायचा. दोघांमध्ये पन्नास पावलांचं अंतर. महिनाभर ते पन्नासचं एकोणपन्नास झालं नाही.

आत पद्मिनी सतरंजीसारखी पसरलेली. खुर्च्या मांडा, पंखे लावा, कारण एसी होता तो नावाला. दारात उभं राहून हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबत किती माणसं आली ते मोजा. पहिल्या गुरुवारी वादळांवर व्याख्यान होतं, माणसं सात. त्यातली दोघं वक्त्याची नातेवाईक. दुसऱ्या गुरुवारी कार्निव्हलचे कपडे कसे शिवतात यावर एक बाई इतकं सुंदर बोलल्या की पद्मिनी मोजायचं विसरली. तिसऱ्या शनिवारी उंच काठ्यांवर चालणारे नाचे आले आणि त्यांच्यासाठी छताचे दिवे बाजूला करावे लागले. ते कुणी केले? शिडीवर चढून पद्मिनीनं. वय वर्षं छप्पन्न. मिस इनेझ खाली शिडी धरून देवाचं नाव घेत होत्या.

मधल्या काळात तिनं शेवटच्या शनिवारचं पत्रक महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. शोभनाकाकूंपासून परीक्षितपर्यंत सगळ्यांनी अंगठे दिले. पत्रक राजीवच्याही फोनवर गेलं होतंच. तिनं दोन दिवस वाट बघितली आणि चहा देताना विचारलं, येणार ना?

"मला कुणी बोलावलंय?"

"अहो, पत्रक आलंय की. सर्वांना प्रवेश खुला, पब्लिकसाठी आहे."

"पब्लिक म्हणजे कोण? मी पब्लिक?" राजीवनं कप खाली ठेवला. "मी बाप आहे त्याचा. मंडळातल्या चारशे लोकांना जे गेलं, तेच मला. एक फोन नाही, या म्हणणं नाही. मी जाऊन पब्लिकमध्ये बसू?"

आता हा सगळा मानपान कुठून आला, तर नागपूरहून, दुसरं कुठून. राजीवच्या घरी लग्नाला चुलत्याला पत्रिका पोस्टानं गेली म्हणून तो चुलता सात वर्षं आला नव्हता. अमेरिकेत तीस वर्षं काढली, अंगावरचे कपडे बदलले, जिभेवरची चव बदलली, पण घरी येऊन हातात पत्रिका दिल्याशिवाय बोलावणं होत नाही, हे काही बदललं नाही.

तिनं नकुलला फोन केला. त्याला खरोखरच काही कळेना. "आई, फ्री आहे, ओपन आहे. कुणीही येऊ शकतं. आणि घरच्यांना कशाला इन्व्हाइट करायचं? तूच म्हणतेस ना, घरच्यांना आमंत्रण नसतं." म्हणत होतीच ती. त्याच्या मुंजीत आत्याबाई रुसल्या तेव्हा तिनंच हे दहा वेळा ऐकवलं होतं. आता काय बोलणार? ती एवढंच म्हणाली की बाबांना एक फोन कर. मग तो म्हणाला, "यायचं असेल तर येतील."

शुक्रवारी रात्री ती भाजी चिरत उभी होती आणि तिच्या डोक्यात नेहमीसारखं वाक्य तयार होत होतं. 'नकुलनं आग्रहानं या म्हटलंय.' चारच शब्दांचं. जीभ सराईत झाली होती. पण ते तोंडातून निघेना. राग नव्हता, हट्ट नव्हता, नुसता थकवा. आपल्यात आता एक खोटं वाक्यसुद्धा शिल्लक नाही, असं तिला वाटलं आणि त्याचं तिला रडूच आलं. राजीवनं विचारलं, कांदा का? ती हो म्हणाली.

शनिवारी साडेतीनला गाडी मेपलखाली लागली. चारला कार्यक्रम. लोक यायला लागले होते, चांगले पुष्कळ होते, लहान मुलं घेऊन आलेले. राजीवनं सीट मागे केली. पद्मिनीनं दाराच्या कडीला हात घातला आणि तो तिथंच राहिला. पाय उचलेना.

"तो काही म्हणाला नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"नकुल. तुम्हाला या म्हणाला नाही. आणि शुगरचं सोडलं तर कधीच काही म्हणाला नव्हता. तुम्ही कसे आहात, जेवता का वेळेवर, सगळं मीच जोडून सांगत होते. आणि तुमचं म्हणून त्याला सांगितलं, तेही माझंच. दोन वर्षं मी एकटीच बोलतेय दोन्हीकडून."

फोनवर कुणीतरी चौकार मारला.

पद्मिनीनं गळ्यातली हॉलच्या ओळखपत्राची पट्टी काढली, पर्समधून मोजणीयंत्र काढलं आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं. "मी आज आत जात नाही. माझ्यात त्राण नाही. दारात कुणीतरी लागतं, मिस इनेझ एकट्या आहेत, ऐंशी-नव्वद माणसं येतील. माणूस आत आला की बटण दाबायचं. पाणी डाव्या हाताला आहे."

"अगं, पण मी तिथं—"

"तुम्हाला कार्यक्रमाला नाही बोलावत मी. दार धरायला सांगतेय."

तिनं सीट मागे केली आणि डोळे मिटले. खिडक्या उघड्या होत्या. राजीव पाच मिनिटं तरी तसाच बसला असेल. अर्धवट सोडलेलं काम त्याला आयुष्यात बघवलं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ते ठाऊक होतं म्हणून तिनं केलं असं म्हणाल तर तसं नाही. तिला खरंच उठवत नव्हतं. मग गाडीचं दार उघडलं, लागलं, आणि पावलं हॉलकडे गेली. "कुठं ते डावीकडे पाणी," असं काहीतरी तो पुटपुटला.

महिनाभर तिनं ज्या तासाची वाट बघितली, तो तास पद्मिनीनं झोपून काढला. भिंतीपलीकडून पॅनचा आवाज मधूनमधून कानात आला आणि गेला. टाळ्या आल्या. एकदा वाटलं उठावं, निदान दारातून बघावं पोराला. पण अंग ऐकेना. सव्वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा लोकांसमोर वाजवतोय आणि आई पार्किंगमध्ये घोरतेय. इलाज नव्हता.

जाग आली ती पावलांनी. दोन माणसांच्या. गाडीच्या मागच्या बाजूला येऊन थांबली.

"आई कुठेय?" नकुलचा आवाज.

"झोपलीय. उठवू नकोस."

"इज शी ओके?"

"दमलीय," राजीव म्हणाला. "फार दमलीय ती."

दूर कुणाचं तरी मूल ओरडत होतं. पद्मिनीला वाटलं, संपलं, आता एक इकडे जाईल आणि एक तिकडे.

"एकशे बारा," राजीव म्हणाला. "माणसं. दोनदा चेक केलं."

"थँक्स."

"ते तिसरं वाजवलंत, त्यात तुझ्या डावीकडच्या पिंपाचा एक सूर उतरला होता."

मग नकुल हसला, किंचित. "तुम्हाला कळलं? उन्हात होतं ते सकाळपासून. स्टील तापलं की सूर उतरतो."

"मग सावलीत का नाही ठेवलंस?"

"मागे जागाच नाहीये, बाबा. सगळं बाहेरच ठेवावं लागतं."

"दाखव कुठं ठेवतोस ते."

"आत्ता?"

"आत्ता नाही. तिला झोपू दे. इथूनच सांग."

आणि नकुल सांगायला लागला. इंग्रजी-मराठी, हातवारे करत असणार, त्याची सवय. पिंप किती जड असतं, सूर कसा ठोकतात, कुठला हातोडा. राजीव मधेच अडवत होता, चुका काढत होता, हे असं का नाही करत, ते तसं का. पद्मिनीची मान अवघडली होती. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि घसा कोरडा पडला होता. पण डोळे उघडले असते तर दोघंही पुन्हा तिच्याशीच बोलायला लागले असते. तिनं ते मिटूनच ठेवले.