विरेमूचं गाऱ्हाणं

माओरी म्हणजे काय ते मिरकरवाड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कार्यक्रम फुकट होता, म्हणून मांडवीच्या किनाऱ्यावरचा मंडप दिवे लागायच्या आधीच भरला.

महिपतरावांचा जावई न्यूझीलंडला असतो. तिकडचे मूळचे लोक म्हणजे माओरी. त्यांच्यातले दोघे त्याने पाठवलेन, एक गिटार, गाणी आणि विनोद. महिपतराव म्हणजे आमच्या दीपाताईच्या कॉलेजचे अध्यक्ष. ताई माझी सख्खी बहीण, तिथे तासावर इंग्रजी शिकवते. कायम करा म्हणून दोन वर्षं त्यांच्या पाठी आहे. ते म्हणाले, "स्टेजवर त्यांचं मराठी करून सांग. कार्यक्रम रंगला तर ऑर्डर काढतो."

म्हणजे लोक हसले तर ताईला नोकरी. आणि ते रत्नागिरीत! इथला माणूस पोट दुखेपर्यंत हसला तरी बाहेर येऊन म्हणतो, "बरा होता."

मी शमिका. दहावीत शाळा सोडली, बंदरावर जाळी शिवते. शाळेबद्दल आणखी काही विचारायचं नाही.

पुढे सोफे होते, पासवाल्यांचे. सोफ्यावरची माणसं स्वतःहून हसत नाहीत, आधी महिपतरावांकडे बघतात. शाल-नारळ झाला. त्या दोघांतला आडदांड होता तो विरेमू, त्याने वाकून महिपतरावांच्या नाकाला नाक लावायला तोंड पुढे केलंन. त्यांच्यात तसाच नमस्कार करतात. महिपतराव घाबरून मागे सरकले ते थेट कुंडीत बसले. फोटोग्राफरने तोही फोटो काढलान.

मग दोघांनी डोळे वटारले, मांड्यांवर थापा मारल्या, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढली. माझ्या शेजारी हौसाआत्या हात जोडून उभी राहिली.

"वारं आलं गो अंगात! विचारा कोणीतरी, काय मागतोय तो."

"बस गो आत्या. नाच आहे तो."

"तुला काय कळतंय? शाळेत टिकलीस काय कधी?"

माझं डोकं तिथेच तापलं.

नाच झाला, गाणं झालं, आणि विरेमू विनोद सांगायला लागला. दुसरा, तामा, गिटारवर डोकं टेकून खिदळत होता. ताईने माइक घेतलान. "कलाकार म्हणतात, त्यांच्या मावशींचा स्वभाव अत्यंत आग्रही आहे."

कोणी हललं नाही.

"बातम्या लागल्या वाटतं," मागून कोणीतरी म्हणाला. त्यावर मात्र मागच्या चार रांगा हसल्या. मी वळून त्याला म्हटलं, "तू जा ना वर. इंग्रजीत तुझं नाव तरी येतं काय सांगायला?"

आणखी दोन विनोद वाया गेले. महिपतरावांनी घड्याळ बघितलं. ताईचं तोंड सुकत घातलेल्या बांगड्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात विरेमू गंभीर झाला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी लयीत बोलायला लागला. मग तेच त्याने ताईला इंग्रजीत सांगितलंन. ताई म्हणाली, "ही त्यांची ओळख द्यायची रीत आहे. माणूस आधी स्वतःचं नाव सांगत नाही. माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझी होडी..."

ती थांबली. तिच्या डोक्यात काय शिजलं कोण जाणे. माइक दोन्ही हातांनी धरलान आणि शिमग्यात पालखीपुढे घालतात तसं गाऱ्हाणंच घातलंन.

"बा देवा महाराजा! ह्या लेकराचा डोंगर दर्यापलीकडे, नदी दर्यापलीकडे, वाडवडील ज्या होडीतनं आले ती होडीपण दर्यापलीकडे, आणि हा एकटा आज तुझ्या मांडवीत उभा हाय, महाराजा!"

"व्हय महाराजा!" हौसाआत्या ओरडली. पाठोपाठ अख्खा मंडप. गाऱ्हाणं ऐकलं की आमच्या लोकांच्या तोंडून ते शिंकेसारखं आपोआप निघतं.

विरेमू दचकला, मग खूश झाला. तामाने गिटारवर ठेका धरलान. आणि ताई सुटली.

"ह्याची मावशी, पोट भरलं म्हणणाऱ्याला आजारी समजते, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्याच्या गावात एक पुढारी हाय. मयताला येतो, मेलेल्याचं नाव विसरतो आणि स्वतःबद्दल अर्धा तास बोलतो, महाराजा!"

मंडप फुटला. मी डोळे मिटले. गेली ऑर्डर! उघडून बघते तर महिपतराव उपाध्यक्षांच्या मांडीवर थापा मारून हसतायत, आणि उपाध्यक्ष बायकोला डोळ्यांनी महिपतराव दाखवतायत. अख्ख्या सोफ्यावर प्रत्येकाला त्या पुढाऱ्यात शेजारचा दिसत होता.

मग विरेमू त्याच्या भावाबद्दल काहीतरी बोलला. 'ब्रदर' म्हणालान, एवढं इंग्रजी मला येतं. ताईने सरळ माझ्याकडे बघितलंन.

"ह्याच्या घरात एक धाकटी बहीण हाय, महाराजा! शाळा सोडलीन, पण घरादाराला शिकवायचं काय सोडलं नाय!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आत्याचा.

मी खुर्चीवर चढले. "ए दीपे! सोडली तर सोडली! तू एवढी शिकून काय केलंस? कायम करा, कायम करा म्हणत दोन वर्षं ह्या महिपतरावांच्या पाठी फिरतेस! कार्यक्रम रंगला तर ऑर्डर काढतो म्हणालेत ना? मग रंगला! काढू देत आता!"

 समुद्राचा आवाज यायला लागला. ताई पांढरी पडली.

आणि मग, माझं ओरडणंही त्यांना त्याच चालीतलं वाटलं असणार, मंडप गरजला, "व्हय महाराजा!"

विरेमूला मी कार्यक्रमातलीच वाटले. त्याने माझ्याकडे बघून मांड्यांवर थापा मारल्यान आणि जीभ बाहेर काढलीन. मीपण काढली.

महिपतराव सावकाश उठले. एवढ्या माणसांनी व्हय म्हटल्यावर नाय म्हणायची छाती कोणाची? त्यांनी माइक घेतला. संस्थेचा इतिहास झाला, त्यांचे वडील झाले, जावई झाला. विरेमू आणि तामा स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले. शेवटी महिपतराव म्हणाले की दीपालीला कायम करायचा निर्णय त्यांनी फार पूर्वीच घेतला होता.

विरेमूने ताईला हळूच विचारलंन, एवढा वेळ काय म्हणाले?

"येस," ताई म्हणाली.

सोमवारी ऑर्डर निघाली. त्या रात्री मंडपाबाहेर येऊन लोकांनी काय म्हटलं असेल ते सांगायला नको. ताईने पेढे आणलेन. मी एकच खाल्ला, आणि तोही तिच्याकडे पाठ करून. अजून बोलत नाही मी तिच्याशी. घरातली गोष्ट अशी चार लोकांत सांगतं काय कोण?